हात कळफलकावरून न उचलता दस्तऐवजात आणि वेबपानावर कसे फिरावे

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयांभोवती टंकलेखनाचे काम करणाऱ्या माणसाला नवा अशील भेटला की तो पहिल्यांदा मिनिटाला किती शब्द, हेच विचारतो. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी भरतीतही मराठीसाठी मिनिटाला ३० आणि इंग्रजीसाठी ४० शब्दांची अट असते, त्यामुळे टंकलेखन संस्था विद्यार्थ्यांकडून तेवढाच सराव करून घेतात. प्रत्यक्ष कामात मात्र प्रसंग वेगळा असतो. चाळीस पानांचा अर्ज पडद्यावर उघडा असतो आणि वकीलसाहेब खुर्चीमागे उभे राहून सांगत असतात, की परिच्छेद सत्तावीसमधला प्रतिवादी क्रमांक तीनचा पत्ता बदला, शेवटच्या पानावरची तारीख दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्या पानावर या. बदलायचे शब्द जेमतेम दहा असतात आणि सगळा वेळ त्या शब्दांपर्यंत पोचण्यात जातो. माउसचे चाक फिरवत, पाने वरखाली सरकवत, नेमकी ओळ डोळ्यांनी शोधत बसलेला माणूस मिनिटाला साठ शब्द टाइप करत असला, तरी त्या वेगाचा तिथे काही उपयोग होत नाही.

म्हणून अक्षरांचा सराव जितका करतो तितकाच कर्सर हलवण्याचाही करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी शंभर शॉर्टकटची यादी पाठ करण्याची गरज नाही. या कळांना एक छोटेसे व्याकरण आहे आणि ते एकदा कळले की निम्मे शॉर्टकट आपोआप सुचतात. पुढे दिलेली माहिती मुख्यतः विंडोज संगणकाला धरून आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा आणखी एक फायदा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि खोलीत कूलरची दमट हवा भरलेली असताना घामेजलेले बोट टचपॅडवर धड सरकत नाही, पॉइंटर भलतीकडेच उडी मारतो. कळफलकावरच्या कळांना घामाने काही फरक पडत नाही.

बाण, कंट्रोल आणि शिफ्ट

बाणाची कळ कर्सरला सर्वांत लहान पाऊल टाकायला लावते, म्हणजे आडव्या बाणाने एक अक्षर आणि उभ्या बाणाने एक ओळ. त्याच बाणासोबत कंट्रोल दाबून धरले की पाऊल मोठे होते. कंट्रोल आणि उजवा बाण एका शब्दाने पुढे नेतो, कंट्रोल आणि डावा बाण एका शब्दाने मागे आणतो, तर वर्डमध्ये कंट्रोलसह वरचा किंवा खालचा बाण दाबल्यास कर्सर परिच्छेदाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीवर जातो. होम आणि एंड या कळा ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी नेतात. त्यांनाही कंट्रोलची जोड दिली की तेच अंतर संपूर्ण दस्तऐवजाएवढे होते, म्हणजे कंट्रोल आणि होम पहिल्या पानाच्या पहिल्या अक्षरावर आणि कंट्रोल आणि एंड शेवटच्या अक्षरानंतर. पेज अप आणि पेज डाउन एकेका पडद्याएवढे सरकवतात.

शिफ्टचे काम निराळे आहे. वर सांगितलेल्या कोणत्याही हालचालीत शिफ्ट दाबून ठेवले, तर कर्सर जिथून निघाला तिथपासून जिथे पोचला तिथपर्यंतचा मजकूर निवडला जातो. शिफ्ट आणि एंड म्हणजे ओळीचा उरलेला भाग, कंट्रोल, शिफ्ट आणि खालचा बाण म्हणजे परिच्छेदाचा उरलेला भाग, कंट्रोल, शिफ्ट आणि एंड म्हणजे इथून दस्तऐवजाच्या शेवटापर्यंत सारे काही. म्हणजे हालचालीच्या प्रत्येक जोडीतून निवडीची जोडी आपोआप तयार होते, ती वेगळी शिकावी लागत नाही. पुसण्याच्या बाबतीतही हेच व्याकरण लागू पडते: कंट्रोल आणि बॅकस्पेस मागचा पूर्ण शब्द काढते, कंट्रोल आणि डिलीट पुढचा.

माउसने ओढत मजकूर निवडताना पान आपोआप खाली धावू लागते आणि आपण हव्या त्या ओळीच्या चार ओळी पुढे जातो, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. शिफ्टने निवड करताना एखादी ओळ जास्त झाली, तर शिफ्ट न सोडता वरचा बाण एकदा दाबला की तेवढीच ओळ निवडीतून सुटते. वर्डमध्ये याहून आरामाचा एक मार्ग आहे, जो फारसा कोणी वापरत नाही. एफ८ ही कळ एकदा दाबली की निवडीची अवस्था सुरू होते, दुसऱ्यांदा दाबली की शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद असा पल्ला वाढत जातो. एस्केप दाबले की ती अवस्था संपते. ज्यांचा अंगठा किंवा करंगळी दुखते त्यांना शिफ्ट धरून ठेवण्यापेक्षा हे बरे वाटते.

देवनागरीत कर्सर कसा चालतो

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत सापडत नाही असा एक भाग इथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ‘स्त्री’ हा शब्द डोळ्यांना एक अक्षर दिसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, तो सहा चिन्हांचा असतो: स, पाय मोडण्याचे चिन्ह, त, पुन्हा पाय मोडण्याचे चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी. वर्डमध्ये बाणाची कळ ही सहा चिन्हे एका पावलात ओलांडते, कारण जोडाक्षराच्या पोटात कर्सर उभा करणे वाचणाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. पुसण्याच्या दोन कळा मात्र सारख्या वागत नाहीत. विंडोजवरील बहुतेक प्रोग्रॅममध्ये कर्सर अक्षराच्या आधी ठेवून डिलीट दाबले तर संपूर्ण जोडाक्षर जाते, आणि कर्सर अक्षराच्या नंतर ठेवून बॅकस्पेस दाबले तर फक्त शेवटचे चिन्ह जाते.

हा फरक माहीत असणाऱ्याचे शुद्धलेखन तपासण्याचे काम पुष्कळ हलके होते. समजा ‘विद्यापिठ’ असे चुकून लिहिले गेले आहे. कर्सर ‘पि’ नंतर आणून एकदा बॅकस्पेस दाबावे, ऱ्हस्व वेलांटी निघून जाते आणि ‘प’ शिल्लक राहतो. त्यावर दीर्घ वेलांटी द्यावी. तेच कर्सर ‘पि’ च्या आधी ठेवून डिलीट दाबले, तर अख्खे अक्षर जाते आणि ते पुन्हा टाइप करावे लागते. शोधप्रबंध तपासताना अशा वेलांट्या शेकड्यांनी निघतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी वाचलेली एक कळ मोजण्याजोगी ठरते. काही नव्या-जुन्या ब्राउझरांत जोडाक्षराच्या आत कर्सर थांबतो, त्यामुळे तिथे पावले मोजताना फसगत होऊ शकते. अशा वेळी कंट्रोलसह पूर्ण शब्द ओलांडून मग मागे येणे सोयीचे.

मराठी कळफलक चालू असताना शॉर्टकट चालतील का, असे अनेक जण विचारतात. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाच्या मांडणीत एफ या इंग्रजी अक्षराच्या कळीवर ऱ्हस्व वेलांटी असते, पण कंट्रोलसोबत तीच कळ दाबली तर बहुतेक प्रोग्रॅम तिला एफ म्हणूनच ओळखतात आणि शोधाची चौकट उघडते. कंट्रोल आणि ऑल्ट या दोन्ही कळा लागणाऱ्या जोड्यांचा मात्र भरवसा नाही, कारण मराठी कळफलकावर त्या जोडीतून एखादे वेगळेच चिन्ह उमटू शकते. तसे झाले तर विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी कळफलक घ्यावा, शॉर्टकट वापरावा आणि त्याच जोडीने मराठीवर परत यावे.

मोठ्या दस्तऐवजात नेमक्या जागी जाणे

पान क्रमांक माहीत असेल तर वर्डमध्ये एफ५ किंवा कंट्रोल आणि जी दाबून क्रमांक लिहावा आणि एंटर करावे. त्याच चौकटीत ‘+३’ लिहिल्यास तीन पाने पुढे आणि ‘-३’ लिहिल्यास तीन पाने मागे जाता येते. आकडा इंग्रजी कळफलकाने द्यावा. पण न्यायालयीन अर्जात किंवा प्रबंधात पान क्रमांकावर फार विसंबू नये. मजकूर वाढला की क्रमांक सरकतो आणि आधीच्या छापील प्रतीवर वकिलांनी लिहिलेले ‘पान १९’ नव्या फाइलमध्ये पान २१ झालेले असते.

माझ्या मते वर्डमधील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा शॉर्टकट म्हणजे शिफ्ट आणि एफ५. ही जोडी कर्सरला आपण शेवटचा बदल जिथे केला तिथे नेते, पुन्हा दाबली की त्याआधीच्या जागी, अशा मागच्या तीन जागा ती लक्षात ठेवते. संदर्भ पाहण्यासाठी दस्तऐवजाच्या टोकाला जाऊन आलो, की परत येण्यासाठी काहीही शोधावे लागत नाही. काल संध्याकाळी बंद केलेली फाइल आज सकाळी उघडल्या उघडल्या हीच जोडी दाबली, तर फाइल बंद करताना कर्सर जिथे होता तिथे आपण पोचतो. लिब्रेऑफिस रायटरमध्येही हीच जोडी जतन केलेल्या फाइलमधील शेवटच्या जागी नेते.

मोठ्या दस्तऐवजाची खरी सोय मात्र शीर्षकांतून होते आणि ती सोय लिहिणाऱ्याने आधी करून ठेवावी लागते. प्रकरणाचे नाव ठळक केले, अक्षर मोठे केले, मध्यभागी आणले, एवढ्याने ते वर्डच्या लेखी शीर्षक होत नाही. ते फक्त जाड अक्षरातले एक वाक्य राहते. त्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबले की तिला पहिल्या पातळीच्या शीर्षकाची शैली लागते, २ आणि ३ ने पुढच्या पातळ्या. अशी शीर्षके दिलेल्या फाइलमध्ये कंट्रोल आणि एफ दाबल्यावर डाव्या बाजूला जी पट्टी उघडते, तिच्यातील ‘हेडिंग्ज’ या भागात शीर्षकांची यादी दिसते आणि तिथून कोणत्याही प्रकरणावर थेट जाता येते. अनुक्रमणिकाही त्यातूनच आपोआप बनते. तिच्यातील ओळीवरून प्रकरणात उडी मारल्यावर ऑल्ट आणि डाव्या बाणाने परत येता येते. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल आणि ऑल्ट धरून आधी एन आणि मग एच दाबले की पुढचे शीर्षक येते, एन ऐवजी पी दाबले की मागचे. तिथले उरलेले शॉर्टकट पाहायचे असतील तर कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबावी, पूर्ण यादी उघडते.

विद्यापीठात प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री दोनशे पानांची फाइल घेऊन येणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. त्यांच्यातील जवळजवळ प्रत्येकाने अनुक्रमणिका हाताने, टिंबे देऊन, पान क्रमांक लिहून तयार केलेली असते आणि मार्गदर्शकांनी एक परिच्छेद वाढवायला सांगितला की ती सगळीच्या सगळी चुकीची होते.

शोध घेताना मराठीच्या अडचणी

कंट्रोल आणि एफ ही जोडी सर्वांना ठाऊक असते, म्हणून ती कशी वापरावी हे कोणी सांगत नाही. इंग्रजीत शब्द लिहिला की सापडतो. मराठीत तसे होईलच असे नाही, आणि सापडला नाही म्हणजे दस्तऐवजात नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

पहिले कारण सामान्यरूप. ‘नागपूर’ असा शोध घेतला तर ‘नागपूर’ आणि ‘नागपूरच्या’ सापडेल, पण ‘नागपुरात’, ‘नागपुरी’, ‘नागपुराहून’ सापडणार नाही, कारण तिथे दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. पाऊस आणि पावसात, मूल आणि मुलाला, शाळा आणि शाळेत यांचेही तेच. उपाय दोन आहेत. एकतर दोन्ही रूपे वेगवेगळी शोधावीत, किंवा जो भाग बदलत नाही तेवढाच शोधावा. दुसऱ्या उपायात शोधशब्द पूर्ण अक्षरावर संपवावा. काही प्रोग्रॅम मात्रा असलेल्या अक्षराला मात्रेविना अक्षराशी जुळवत नाहीत, म्हणून ‘नागप’ पेक्षा ‘नाग’ अधिक भरवशाचे. त्यात ‘नागरिक’ आणि ‘नागनदी’ही येतील, पण एंटर दाबत पुढे जायला कितीसा वेळ लागतो? संपूर्ण दस्तऐवजात एखादे नाव बदलायचे असेल, तर कंट्रोल आणि एच वापरून ‘सर्व बदला’ करण्याआधी ही सर्व रूपे पाहून घ्यावीत, नाहीतर प्रतिवादीचे गाव अर्ध्या ठिकाणी जुने आणि अर्ध्या ठिकाणी नवे राहते.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’ किंवा ‘शेतकऱ्यांना’ यांतील र दोन प्रकारे टाइप करता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र ला पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण शोधाला ते एकच वाटतील याची खात्री नाही. दोन माणसांनी टाइप केलेला मजकूर एकत्र केला असेल तर हे हमखास घडते. अशा वेळी शोधशब्द टाइप न करता दस्तऐवजातील तो शब्दच निवडून, कंट्रोल आणि सी ने उचलून, शोधाच्या चौकटीत कंट्रोल आणि व्ही ने ठेवावा. आकड्यांचेही असेच आहे. देवनागरी आकड्यांत लिहिलेला ‘७/१२’ इंग्रजी आकड्यांनी शोधल्यास सापडेलच असे नाही.

तिसरे कारण जुन्या फाइलचे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे, त्यामुळे युनिकोड मराठीत केलेला शोध तिथे रिकाम्या हाताने परततो. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी. आणि पीडीएफ जर कागद स्कॅन करून बनवलेली असेल, तर तिच्यात अक्षरेच नसतात, फक्त चित्र असते. ओळखायची खूण सोपी आहे: एखादा शब्द निवडून पाहावा, शब्द निवडला न जाता पानावर नुसती चौकट उमटत असेल, तर कंट्रोल आणि एफ वर वेळ घालवू नये. मजकूर असलेल्या पीडीएफमध्ये, उदाहरणार्थ न्यायालयाच्या दैनंदिन बोर्डात, पक्षकाराचे नाव किंवा प्रकरण क्रमांक शोधून काही सेकंदांत अनुक्रमांक मिळतो. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून पान क्रमांक देता येतो.

एक्सेलबद्दल थोडक्यात. तिथे कंट्रोल आणि बाण भरलेल्या भागाच्या काठापर्यंत नेतात, कंट्रोलसह पेज अप आणि पेज डाउन एका शीटवरून दुसरीवर. रिकाम्या स्तंभात कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की कर्सर थेट १०,४८,५७६ क्रमांकाच्या ओळीवर जाऊन बसतो आणि नवखा माणूस आपली माहिती नाहीशी झाली म्हणून घाबरतो. कंट्रोल आणि होम दाबले की सारे पुन्हा समोर येते.

वेबपानावर

ब्राउझरमध्ये वाचताना स्पेसबार एक पडदा खाली नेतो आणि शिफ्टसह स्पेसबार एक पडदा वर. मात्र कर्सर एखाद्या लिहिण्याच्या चौकटीत असेल तर तिथे जागा सुटते आणि बटणावर असेल तर बटण दाबले जाते, हे ध्यानात ठेवावे. पत्त्याच्या पट्टीवर जाण्यासाठी कंट्रोल आणि एल. नवीन टॅबसाठी कंट्रोल आणि टी, टॅब बंद करण्यासाठी कंट्रोल आणि डब्ल्यू, चुकून बंद झालेली टॅब परत आणण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि टी. कंट्रोल आणि टॅब पुढच्या टॅबवर नेते. कंट्रोलसह १ ते ८ हे आकडे त्या त्या क्रमांकाच्या टॅबवर नेतात, पण ९ हा आकडा नवव्या टॅबवर न नेता नेहमी शेवटच्या टॅबवर नेतो. अक्षरे बारीक वाटली तर कंट्रोल आणि अधिक चिन्ह, पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य.

मागच्या पानावर जाण्यासाठी ऑल्ट आणि डावा बाण वापरावा. पूर्वी हेच काम नुसती बॅकस्पेस करत असे आणि त्या सोयीने अनेकांचे नुकसान केले आहे. माझ्यासमोर एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज जवळजवळ पूर्ण भरून झाला होता. मी एका चौकटीतला चुकीचा आकडा पुसायला बॅकस्पेस दाबली, पण कर्सर त्या चौकटीतून आधीच बाहेर पडला होता, त्यामुळे पान मागे गेले आणि पाऊण तासाचे काम गेले. अशा तक्रारी जगभर झाल्यावर गूगल क्रोमने २०१६ मध्ये ५२ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ८७ व्या आवृत्तीपासून बॅकस्पेसचे ते काम काढून टाकले. ऑल्ट आणि डावा बाण चुकून सहसा दाबला जात नाही. शुल्क भरण्याच्या पानावर मात्र तोही वापरू नये.

अर्ज भरताना टॅबची कळ पुढच्या चौकटीत आणि शिफ्टसह टॅब मागच्या चौकटीत नेते. चौकोनी खुणेची चौकट स्पेसबारने भरावी, गोल पर्यायांतून बाणांनी निवड करावी. खरी मेख उतरत्या याद्यांत असते. जिल्ह्यांची यादी इंग्रजीत असेल तर तिच्यावर येऊन एन दाबले की नागपूर समोर येते, कारण वर्णक्रमाने ते नांदेड, नंदुरबार आणि नाशिक यांच्या आधी आहे. तालुक्यांच्या यादीत नागपूर शहर, नागपूर ग्रामीण आणि नरखेड असे तिघेही एन पासून सुरू होतात, म्हणून तिथे एकच अक्षर दाबून थांबू नये. एन, ए, आर ही तीन अक्षरे पटापट दाबली की नरखेड येते, आणि मध्ये थांबलात तर यादी ती वेगवेगळी शोधाक्षरे समजते. यादी मराठीत असेल तर मराठी कळफलक चालू करून हेच करावे.

आणखी एक खबरदारी. सातबारा पाहताना विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशा एकामागून एक याद्या येतात. जिथे एक निवड केली की पुढची यादी नव्याने भरली जाते, तिथे बंद यादीवर नुसता खालचा बाण दाबला तर प्रत्येक पावलाला निवड बदलते, पान पुन्हा पुन्हा भरू लागते आणि कर्सर हरवतो. त्याऐवजी आधी ऑल्ट आणि खालचा बाण दाबून यादी उघडावी, हवे ते नाव गाठावे आणि मगच एंटर दाबावे.

दुव्यांवर टॅबने जाता येते, पण साठ दुव्यांच्या पानावर साठ वेळा टॅब दाबण्यात शहाणपण नाही. त्यावर माझा आवडता उपाय असा: कंट्रोल आणि एफ दाबून दुव्यातील शब्द लिहावा, तो सापडला की एस्केप दाबावे आणि मग एंटर. शोध बंद होताच तो दुवा निवडलेला राहतो आणि एंटरने उघडतो. फायरफॉक्समध्ये एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबून शब्द लिहिला तर शोध फक्त दुव्यांमध्येच घेतला जातो. पानावरील मजकूर कळफलकाने निवडायचा असेल तर एफ७ दाबून पानावर कर्सर आणावा आणि मग वर सांगितलेली बाण, कंट्रोल आणि शिफ्ट यांची रीत इथेही चालते.

लॅपटॉपवर होम, एंड या कळा दिसत नसतील तर त्या बहुधा बाणांवरच असतात: एफएन धरून डावा बाण म्हणजे होम, उजवा म्हणजे एंड, वरचा आणि खालचा म्हणजे पेज अप आणि पेज डाउन. एफ५, एफ८ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमीजास्त होत असेल तर त्यासोबतही एफएन दाबून पाहावे. मोठ्या कळफलकावर उजवीकडचे आकडे उमटण्याऐवजी कर्सर उड्या मारू लागला, तर नम लॉक बंद झालेले असते. मॅक संगणकावर शब्दाच्या उडीसाठी ऑप्शन आणि ओळीच्या किंवा दस्तऐवजाच्या टोकासाठी कमांड ही कळ बाणांसोबत वापरतात.

शिकताना एका आठवड्यात तीनच जोड्या घ्याव्यात, त्या कागदावर लिहून पडद्याच्या खाली चिकटवाव्यात आणि त्या आठवड्यात त्या कामांसाठी माउसला हात लावू नये. पहिल्या आठवड्यासाठी मी कंट्रोलसह आडवे बाण, शिफ्टसह एंड आणि शिफ्टसह एफ५ या जोड्या सुचवतो. पहिले दोन दिवस काम उलट हळू होते. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबले गेल्यास स्टिकी कीज सुरू करू का, असा प्रश्न पडद्यावर येतो. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी ती सोय मोलाची आहे, कारण तिच्यामुळे कळा एकत्र न दाबता एकामागून एक दाबता येतात. इतरांनी नाही म्हणावे.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना तर कळफलकाखेरीज दुसरा मार्गच नसतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारी व्यक्ती वेबपानावर एच दाबून शीर्षकांवरून, के दाबून दुव्यांवरून आणि टी दाबून तक्त्यांवरून पुढे जाते. अनेक सरकारी संकेतस्थळांवर अगदी वर ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा असतो, तो अशा वाचकांना पानावरची तीच ती मेनूची यादी ओलांडता यावी म्हणून असतो. आपणही पान उघडल्यावर टॅब दाबून त्याचा लाभ घेऊ शकतो. वर्डच्या फाइलमध्येही एनव्हीडीएची कळ आणि स्पेसबार दाबून वाचनाची अवस्था सुरू केली की एच हेच काम करते. त्या फाइलमधली शीर्षके नुसती जाड आणि मोठी केलेली असतील, तर एनव्हीडीए पुढे शीर्षक नाही एवढे सांगते आणि ऐकणाऱ्याला दोनशे पाने ओळीमागून ओळ ऐकत जावे लागते.